अकरा नंबरचा खेळ

४ मार्च
परिषदेचं कार्यालय, तिसरा मजला

भिंगरी,

तुझं पत्र आलं, म्हणजे तुझ्या महासंघाचं आलं. वर शिक्का, खाली तुझी सही आणि मध्ये चार ओळी. त्या चार ओळींत 'सदर', 'उपरोक्त' आणि 'नाइलाजास्तव' हे शब्द तू कुठून पैदा केलेस देव जाणे. शाळेत तुझे निबंध मी लिहून द्यायचे. सही मात्र अजून तशीच आहे, शेवटच्या अक्षराची शेपटी कागदाबाहेर निघालेली. टपाल बघणाऱ्या बाईंनी लिफाफा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मॅडम, शेजाऱ्यांचा नकार आला." मी म्हटलं, "शेजारी कसले, माझी धाकटी बहीण आहे ती." त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

फोन मी मुद्दाम करत नाही. फोन केला की तू दोनदा 'हं' म्हणतेस आणि जावईबुवांच्या हातात देतेस. मग ते बिचारे माझ्याशी हवापाण्याचं बोलतात. पत्र निदान वाचून झाल्यावरच देशील.

तर मुद्द्याचं. तुम्ही म्हणता, कार्यक्रमपत्रिकेत खेळाचं नाव 'रिंगण' छापा, तरच संघ पाठवू. इथला महासंघ म्हणतो, 'खुंट' छापा, तरच मैदानात उतरू. (मी 'इथला' म्हणते, 'आमचा' नाही. परिषदेच्या नोकराला देश नसतो असं नियमावलीत आहे. ते कलम मीच लिहिलंय, आता भोगतेय.) पाच देशांपैकी चार संघ आले तरच खेळ होतो. पाचव्या देशात हा खेळ कुणी पाहिलेलासुद्धा नाही, म्हणजे तुमच्याशिवाय चार भरत नाहीत. आणि सलग दोन स्पर्धांत जो खेळ झाला नाही तो यादीतून कायमचा जातो. मागच्या वेळी तुम्ही आणि इथले, दोघेही रुसून बसलात म्हणून झाला नाही. त्यानंतर इतकी वर्षं स्पर्धाच झाल्या नाहीत. आता कुठे पाचही सरकारं एका टेबलाशी बसली आहेत. या वेळी नाही झाला, तर संपलं. मुदत जूनअखेर आहे.

नावावरून भांडण हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. तुला पहिल्या स्पर्धा आठवतात? तू सतरा वर्षांची, आणि मी या कार्यालयात नुकती चिकटलेली. कार्यालय तेव्हाही इथेच होतं, पोहण्याच्या तलावाच्या वर. क्लोरीनचा वास माझ्या साड्यांतून अजून जात नाही. त्या दिवशी दुपारपासून परिषदेची सभा चालली होती. खेळ तोच, नियम तेच. मध्ये खुंट, भोवती चुन्याचं रिंगण. आत शिरायचं, खुंटाला हात लावायचा आणि पकडलं न जाता बाहेर यायचं. आपण खुंटाकडे बघून नाव ठेवलं, त्यांनी रिंगणाकडे बघून. एवढ्यावरून पाच देशांची शहाणी माणसं संध्याकाळपर्यंत एकमेकांच्या डोक्यावर मिऱ्या वाटत होती. चहा तीनदा झाला. शेवटी ठरलं की नावाची जागा तूर्त मोकळी ठेवावी. छापखान्याला 'तूर्त' कळत नाही. पत्रिका छापून आली तीत दहा नंबरला लांब उडी, बारा नंबरला कुस्ती, आणि मध्ये '११' आणि पुढे एक लांबलचक रेघ.

मैदानावरच्या निवेदकाने ती रेघ पाहिली, क्षणभर घुटमळला आणि भोंग्यावरून खणखणीत म्हणाला, "आता सुरू होत आहे... अकरा!" लोकांना वाटलं हेच नाव. दुसऱ्या दिवशी तिकिटाच्या रांगेत पोरं 'अकराचं तिकीट द्या' म्हणत होती. तुझा फोटो वर्तमानपत्रात आला तो 'अकराची राणी' म्हणून. आईने तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. बाबा आठवडाभर चिडून होते, "हे काय नाव आहे? उद्या पोराचं नाव सव्वासात ठेवतील!" आणि मग तेही अकराच म्हणायला लागले.

त्या खेळाला तू नावासाठी नाही म्हणतेस? तू?

रागावलेली,
ताई

---

२१ एप्रिल
घर

भिंगरी,

तुझं कार्ड पोचलं. एक ओळ. 'ताई, हे नावाचं नाहीये, तुला माहीत आहे.'

माहीत आहे. पण तू ते तोंडाने, निदान लेखणीने म्हणावंस अशी माझी इच्छा होती. वीस वर्षं आपण दोघी मूग गिळून बसलोय.

आता मीच लिहिते. चुकलं तर दुरुस्त कर. तिसऱ्या स्पर्धा इथेच होत्या. तुझं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती आणि तू तिकडच्या निळ्या बनियनमध्ये आलीस. अंतिम सामना तुमचा आणि इथल्यांचा, आणि इथल्यांचे प्रशिक्षक बाबा. आदल्या संध्याकाळी तू घरी आलीस, तुमच्या व्यवस्थापकांची रीतसर परवानगी काढून. आईने तुला ओट्याशी स्टुलावर बसवलं, तेल कोमट केलं आणि तुझा डावा गुडघा चोळायला घेतला. तू म्हणालीस, "आई, डावीकडे वळले की कळ मस्तकात जाते गं. कुणाला सांगितलं नाहीये." आई म्हणाली, "मग खेळूच नको." तू हसलीस. बाबा दारापाशी खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. पान उलटल्याचा आवाजही आला नाही.

दुसऱ्या दिवशी शेवटची फेरी, गुण बरोबरीत. तू आत शिरलीस, तुझ्या त्या गिरकीने दोघींना चुकवलंस, खुंटाला हात लावलास. आता नुसतं बाहेर यायचं. आणि बाबा बाकावरून उठले आणि ओरडले, "डावा!" एकच शब्द. त्यांच्या पोरींनी तुझी उजवी बाजू सोडलीच नाही. तुला डावीकडे वळणं भाग पडलं. तू खुंटाजवळ पडलीस ती जावईबुवांनी येऊन उचलेपर्यंत उठली नाहीस.

पदकांचं तबक माझ्या हातात होतं, हे तुला आठवतं का? परिषदेची नोकर म्हणून मी तबक धरून उभी. अध्यक्षांनी रुपेरी पदक उचललं, तुझ्या गळ्यात घातलं, आणि तू माझ्यावरून नजर फिरवलीस ती मी तिथे नसल्यासारखी. त्या तबकाचं ओझं मला आजही जाणवतं. बाबांना लोकांनी खांद्यावर घेतलं होतं.

मी कुणाची बाजू घेऊ? तू म्हणशील, स्वयंपाकघरात ऐकलेलं मैदानावर ओरडायचं नसतं. बरोबर आहे. बाबांना मी त्याच आठवड्यात विचारलं होतं. ते म्हणाले, "मैदानात समोर उभी असेल ती खेळाडू. मुलगी घरी." हेही त्यांच्या परीने बरोबर असेल. पण एक गोष्ट तुला कुणी कळवली नाही. त्या दिवसानंतर त्यांनी शिट्टी हातात घेतली नाही. लोकांना वाटलं, जिंकून निवृत्त झाले, थाटात. पाण्याच्या टाकीखालचं मैदान, जिथे ते तुला शिकवायचे, तसंच पडून राहिलं. पाणीपुरवठ्याच्या नोकरीतून घरी येताना ते मुद्दाम मागच्या रस्त्याने यायचे, म्हणजे ते मैदान दिसू नये.

मला त्या मैदानाची फार आठवण येते. टाकी भरली की वरून पाणी सांडायचं आणि रिंगणाची एक बाजू कायम ओली. बाबा चुना टाकत टाकत मागे मागे जायचे आणि तू त्यांच्या पायात पायात. त्यांनी तुला भिंगरी म्हणायला सुरुवात केली ती तिथेच. मी जड, मला कधीच गिरकी जमली नाही. म्हणून मी कडेला बसून गुण मांडायची आणि अजून तेच करतेय. पण त्या संध्याकाळी आपण तिघं एकाच सायकलवरून घरी यायचो, तू पुढे, मी मागे, आणि बाबा चढावर धापा टाकत आपल्यालाच ओरडायचे, "श्वास रोखून बसा, म्हणजे हलक्या व्हाल!" आपण खरंच रोखायचो.

आई गेली तेव्हा सीमा बंद होती. तुला येता आलं नाही, हे मी कधी तुझ्या खात्यावर धरलं नाही. एवढं लिहून ठेवते.

ताई

---

१९ मे
कार्यालय, जेवणाच्या सुट्टीत

भिंगरी,

घाईत लिहितेय, पण आज लिहिलं नाही तर माझं पोट फुटेल.

तुझं कार्ड मी घरी बैठकीच्या खोलीत टेबलावर ठेवलं होतं. कार्डच ते, उघडंच. बाबांनी वाचलं हे मला तेव्हा कळलं नाही. एवढंच दिसत होतं की गेले काही दिवस ते रोज दाढी करतायत आणि माझ्याशी भांडत नाहीयेत. मी डॉक्टरांना दाखवायचा विचार करत होते.

आज इथल्या महासंघाची बैठक आमच्या सभागृहात होती, नावाच्याच प्रश्नावर. मी टिपणं घ्यायला बसले होते. दार उघडलं आणि बाबा आत आले. तीन मजले जिन्याने. लिफ्टवर त्यांचा विश्वास नाही. जन्मभर पाण्याच्या टाक्यांवर शिडीने चढलेला माणूस. घामाघूम झालेले, सदऱ्याचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. सगळे उठून उभे राहिले. सचिवांनी स्वतः खुर्ची दिली. त्यांना वाटलं म्हातारा आपल्या बाजूने दोन शब्द बोलायला आलाय.

बाबा म्हणाले, "त्यांचं नाव छापा. रिंगण."

सचिवांचा चष्मा नाकावरून घसरायचाच बाकी राहिला. "अहो, पण नियमपुस्तकावर 'खुंट' तुम्हीच छापून घेतलंत! त्यासाठी उपोषणाला बसणार होतात तुम्ही!"

"छापलं तेव्हा खेळायला पोरी होत्या," बाबा म्हणाले. "समोरचा संघच आला नाही, तर खुंटाला काय म्हशी बांधायच्या?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. सचिव म्हणाले, "लोक काय म्हणतील? आपण माघार घेतली म्हणतील."

"म्हणू देत. मी जिंकलोय. मला विचारा जिंकून काय मिळतं ते."

ठराव झाला. मी टिपणात 'एकमताने' लिहिलं आणि माझं अक्षर इतकं वाकडं आलं की पुन्हा लिहावं लागलं. जिना उतरताना मी त्यांचा हात धरायला गेले तर झटकून टाकला. खाली तलावाशी पोरं सूर मारत होती, तिथे ते जरा थांबले. मी विचारलं, "बाबा, हे अचानक कसं?"

"कार्ड वाचलं," एवढंच म्हणाले, आणि रस्ता ओलांडून बसच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले.

आता तुला अडायला कारण उरलं नाही. ठराव उद्याच्या टपालाने रीतसर येईल. संघ पाठव.

ताई

---

३ जुलै
कार्यालय

भिंगरी,

तुम्हा बापलेकींसमोर मी हात टेकले.

आमचा ठराव तुमच्याकडे निघाला आणि तुमचा ठराव आमच्याकडे निघाला. वाटेत दोघांची गाठ पडली असेल तर त्यांनीही कपाळाला हात लावला असेल. इथले म्हणतात 'रिंगण' छापा, तुम्ही म्हणता 'खुंट' चालेल! सोबत तुझी वेगळी चिठ्ठी: 'संघातल्या मुली रडायला लागल्या म्हणून कबूल केलं. दुसरं काही समजू नकोस.' नाही समजत. मला काय पडलंय समजायचं.

परिषदेच्या सभेत जी गंमत झाली ती तू पाहायला हवी होतीस. पूर्वी 'आमचं घ्या' म्हणून भांडायचे, तेच आता 'छे छे, तुमचंच राहू द्या' म्हणून हटून बसले. कुणी मागे हटायला तयार नाही. आमचे सरचिटणीस म्हणजे पहिलवान, तुला आठवत असतील, दुसऱ्या स्पर्धांत कुस्तीत होते आणि उपाहारगृहातल्या खुर्च्या मोडायचे. ते हसून हसून लाल झाले. म्हणाले, "दोन्ही घरं एकमेकांना वाढतायत आणि जेवत कुणीच नाही. बाई, लिहा तुम्ही. अकरा!"

लिहिलं. या वेळी खेळ जास्त आहेत, त्यामुळे तो यादीत चौदावा येतोय. पत्रिकेत छापलं जाणार आहे, '१४. अकरा'. छापखान्याचा मालक फोन करून विचारत होता, बाई, चूक तर नाही ना? मी सांगितलं, चूकच आहे, पण जुनी आहे, हात लावू नका.

तर खेळ वाचला. चार संघ झाले. घरी येऊन मी बाबांना सांगितलं तेव्हा ते काही न बोलता मागच्या दाराने बाहेर पडले आणि अंधार पडायच्या बेताला परत आले ते पायाला चिखल लावून. टाकीखाली जाऊन आले होते. "अजून गळते," म्हणाले. किती वर्षांनी गेले असतील, आणि सांगायला काय आणलं, तर टाकी गळते.

पण काल तुमच्या संघाची यादी आली. मुलींची नावं आहेत, डॉक्टर आहेत, संघप्रमुख म्हणून तुमचे व्यवस्थापक आहेत. तुझं नाव नाही. मी कागद उलटा करून मागे पाहिलं. तिथेही नाही.

रात्रीची जेवणं व्हायच्या आधी मी बाबांना सांगितलं, ती येत नाहीये. ते ताटापाशी बसलेले. मला वाटलं आता मैदान आणि मुलगी यांचं जुनं पुराण लावतील. मी तयारच होते, या वेळी ऐकून घेणार नव्हते. तर ते खाली बघत म्हणाले, "समोरच्याचा कच्चा भाग ओळखायचा आणि आपल्या पोरींना सांगायचा, हे माझं कामच होतं. ते मी आजही करीन. पण तो मला मैदानात दिसला नव्हता ना."

मी त्यांना भात वाढला.

"तिने तो आईला सांगितला होता," ते म्हणाले. "मी तिथे बाप म्हणून बसलो होतो. बापाने विचारायला हवं होतं, फार दुखतं का. मी नाही विचारलं. मी ऐकून घेतलं."

मग बराच वेळ ते भात कालवत बसले, खाल्ला नाही. आणि मला विचारलं, "कसा आहे गं तिचा गुडघा?"

भिंगरी, मला सांगता आलं नाही. मी तुझी सख्खी बहीण, आणि मला माहीत नाही तुझा गुडघा कसा आहे. तू जिने चढतेस का, थंडीत दुखतो का, शस्त्रक्रिया झाली का? वीस वर्षांत हवापाण्याचं सगळं बोलून झालं आणि हे राहिलं. मला त्या क्षणी दोघांचाही इतका राग आला की मी उठून भांडी घासायला घेतली. रडत होते, हेही सांगते, लपवून काय करू.

बाबा आता म्हातारे होत चाललेत असं मी म्हणणार नाही, ते खूप आधीच म्हातारे झालेत. यादीत बदल करायची मुदत महिनाअखेर आहे. यापुढे मी आग्रह करणार नाही. मला तू हवी आहेस, एवढंच. स्पर्धा, परिषद, नियम, सगळं खड्ड्यात गेलं.

तुझीच,
ताई

---

१४ नोव्हेंबर
सराव मैदान, झेंड्यांच्या खोलीतून

भिंगरी,

ही चिठ्ठी स्वयंसेविकेच्या हातून तुमच्या निवासावर पाठवतेय. मला इथून हलता येत नाही. पाचपैकी दोन झेंडे उलटे शिवून आलेत आणि उद्या उद्घाटन आहे.

काल तुमची बस आली तेव्हा मी शिडीवर होते, लांबूनच पाहिलं. तू चष्मा लावतेस हे कुणी सांगितलं नव्हतं. आईसारखी दिसायला लागली आहेस. बसच्या पायऱ्या उतरताना दांडी धरलीस, पण पुढे नीट चाललीस. मी मुद्दाम पाहत होते. मुलींना रांगेत उभं करताना ओरडलीस ती तर हुबेहूब बाबांसारखी. आता हे वाचून रागावू नकोस.

आता नीट ऐक. इथल्या महासंघाने बाबांना मानाचा पास पाठवला होता, पहिल्या रांगेचा, सोनेरी कडेचा. त्यांनी परत केला. मला वाटलं, येतच नाहीत. आज सकाळी ते परस्पर इथे येऊन धडकलेत. म्हणतात, येईन तर त्यांच्या बाजूला बसेन, मुलीचा पाहुणा म्हणून. मी म्हटलं, "बाबा, तुमचा संघ इकडे आहे. लोक काय म्हणतील?" म्हणाले, "तू तुझे झेंडे बघ."

नियम तुला ठाऊक आहे. पाहुण्याला आत घ्यायचं तर त्या देशाच्या संघप्रमुखाने स्वतः फाटकावर येऊन सही करायची, आणि पाहुण्याने त्याच देशाच्या निळ्या तंबूखाली बसायचं. यात मला काही करता येत नाही, मी परिषदेची आहे. माझी सही तिथे चालत नाही. बदललेल्या यादीत संघप्रमुख तू आहेस, फक्त तुझी चालते.

रखवालदाराने त्यांना दोनदा खुर्ची दिली. बसत नाहीत. बसलो तर तिला लांबून दिसणार नाही, म्हणतात. ऊन चढतंय. दक्षिणेच्या फाटकावर आहेत, लवकर जा.

ताई